पानाच्या आतली जागा: शनिवारच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २२ जून २०२४

काल वटपौर्णिमा झाली. सकाळी शाळेत येताना नौपाड्यातल्या वडाखाली फांद्यांचा ढीग दिसला. पूजेसाठी बाजारातून आणलेल्या आणि पूजा झाल्यावर तिथेच ठेवून दिलेल्या. काहींना अजून सूत गुंडाळलेलं होतं. त्यातली चांगली पाच-सहा पानं पिशवीत टाकली. प्रकल्पाची सुरुवात वडापासून करायची हे तिथेच ठरलं.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर पानाच्या आडव्या छेदाचा एक तक्ता आहे. ठाण्याचे कितीतरी पावसाळे त्याने काढले. ओलीने त्याचा हिरवा रंग पिवळा पडलाय, खालची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जायची बारीक छिद्रं, तर दिसतच नाहीत. त्या जागी मुलांनी स्वतः बघून काढलेली चित्रं लावायची, एवढाच प्रकल्प. नववीतली दोन मुली आणि दोन मुलगे तयार झाले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, आणि आमचा एक सूक्ष्मदर्शक.

सूक्ष्मदर्शक काढण्याआधी मी चौघांना म्हटलं, पान आतून कसं असतं ते काढा बघू. पाच मिनिटांत चार वह्या पुढे आल्या. चारही चित्रं सारखी! वर विटांची रांग, तिच्याखाली खांब, त्याखाली गोलगोल पेशी, तळाला घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन रक्षक पेशी. परीक्षेत चौघांनाही पूर्ण गुण मिळाले असते. मी विचारलं, "यातलं तुम्ही काय काय पाहिलंय?" कुणीच बोललं नाही.

म्हणून नियम केला. पाठ्यपुस्तक दप्तरात राहील. डोळ्यांना दिसलं तेवढंच कागदावर येईल. कळलं नाही तिथे जागा मोकळी सोडायची आणि प्रश्नचिन्ह टाकायचं.

वडाचं पान आज काही हाती लागलं नाही. जाड, चिवट, आणि कापलं की चीक. दोन छेद घेतले की पातं चिकटायला लागायचं. शंभर पटीत पाहिलं तर एक गडद हिरवा पट्टा, बाकी काही नाही. चौघांनी प्रामाणिकपणे तेवढंच काढलं: हिरवा पट्टा. ते कागद मी कपाटात जपून ठेवलेत.

शनिवार, २९ जून

आजचा सगळा वेळ कापण्यात गेला, आणि तो सार्थकी लागला.

छेद चांगला यायचा तर तो पेशीच्या एक-दोन थरांइतका पातळ हवा. दाढीचं पातं मधोमध मोडून घेतलं, एका धारेला चिकटपट्टी लावली. पातं आणि पान दोन्ही ओलं ठेवायचं. विळीवर भाजी चिरताना हात वरखाली होतो तसं इथे चालत नाही. पातं तिरकं धरून एकाच दमात आपल्याकडे ओढून घ्यायचं. एक मुलगा म्हणाला, "बाई, पप्पा दाढी करताना असंच ओढतात." अगदी तसंच.

जास्वंदीचं पान घेतलं. शाळेच्या कुंपणालाच आहे. नेहमीप्रमाणे गाजराला खाच पाडून त्यात पानाचा तुकडा धरला, पण जास्वंदीच्या बुळबुळीतपणामुळे तो सारखा निसटत होता. जिची आई जांभळी नाक्यावर भाजी विकते ती मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, अळूवडीसारखी गुंडाळी केली तर?" तिने पानाची पट्टी घट्ट गुंडाळली, दोन बोटांत दाबली आणि वडीसारखे काप काढले. गुंडाळीत पानाचे सात-आठ थर एकावर एक येतात, म्हणजे एका ओढीत सात-आठ छेद. त्यातला एक तरी पातळ निघतोच. इतकी वर्षं मी गाजर आणि बटाटाच वापरत आले. आता माझा प्रत्येक वर्ग अळूवडीनेच सुरू होईल.

काप घड्याळकाचेतल्या पाण्यात सोडायचे. जो जवळजवळ दिसतच नाही तो चांगला. तो ब्रशच्या टोकाने उचलून स्लाइडवर ठेवला, सॅफ्रनिन या लाल रंगाचा थेंब दिला, जादा रंग धुतला, मग ग्लिसरीन, मग आच्छादक काच. काच सुईच्या आधाराने एका कडेने हळूहळू टेकवायची, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात.

आणि दिसलं. वर स्वच्छ, बिनरंगाच्या पेशींची एक ओळ, अपित्वचा. तिच्याखाली उभ्या हिरव्या पेशी, खांद्याला खांदा लावून. पुस्तकात त्या सरळ खांब असतात. इथे काही वाकड्या, काही आखूड, दोन एकमेकींवर रेललेल्या. "टोपलीत उभ्या लावलेल्या भेंड्या," असं भाजीवाल्या मावशींच्या मुलीने वहीत लिहिलं. तेच नाव ठेवलं. मधे शीर होती. तिच्यातल्या जलवाहिन्यांनी सॅफ्रनिन घेऊन लालभडक रंग धरला होता. त्या वरच्या अंगाला होत्या आणि रसवाहिन्या त्यांच्या खाली. खोडात जलवाहिन्या आतल्या बाजूला असतात. तीच शीर बाहेर वळून पानात येते, म्हणून जी बाजू आत होती ती पानात वर येते. हे एका मुलाने वहीचा कागद दुमडून स्वतः शोधलं.

भेंड्यांच्या खाली मात्र काळे डाग होते, वेडेवाकडे, जाड कडांचे. मी म्हटलं, रंगाचा साका राहिलाय, परत धुवा. दोनदा धुतलं, डाग गेले नाहीत.

शनिवार, ६ जुलै

आठवडाभर ते डाग डोक्यात होते. साका असता तर छेदभर पसरला असता. हे डाग फक्त खालच्या अर्ध्या भागात होते, सुट्या गोल पेशींच्या स्पंजी ऊतींत. बुधवारी रात्री लक्षात आलं: ती हवा होती. पाण्यात अडकलेल्या हवेच्या कडेला प्रकाश इतका वळतो की तो डोळ्यापर्यंत पोचत नाही आणि कड काळी दिसते. आच्छादक काचेखालचा बुडबुडाही काळ्या कडेचाच दिसतो. म्हणजे आम्ही जे धुवून काढायला बघत होतो तीच बघायची गोष्ट होती. मी मुलांना चुकीचं सांगितलं होतं. आज आल्या आल्या आधी तेच सांगितलं.

मग पानात हवा आहे हे दाखवायचं कसं? यासाठी सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज आणि पालक. पालक भाजीवाल्या मावशींच्या टोपलीतून आला. कागदाला भोकं पाडायच्या पंचने पानाच्या दहा चकत्या काढल्या, मोठ्या शिरा टाळून. पाव लिटर पाण्यात दोन चिमट्या खायचा सोडा आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. चकत्या सिरिंजमध्ये, वर हे पाणी, दट्ट्या आत सारून वरची हवा काढून टाकली. चकत्या पाण्यावर तरंगत होत्या.

सिरिंजचं तोंड बोटाने घट्ट दाबलं आणि दट्ट्या मागे ओढला. चकत्यांच्या कडांतून आणि पाठीतून बारीक बुडबुड्यांच्या ओळी निघाल्या. पाचसहा सेकंद धरून ठेवलं, मग दट्ट्या सोडला. बाहेरचं पाणी आतल्या रिकाम्या जागांत घुसलं आणि एकेका चकतीचा रंग बदलत गेला. फिकट, पोपटी हिरवा जाऊन गडद, ओलसर, जवळजवळ आरपार दिसणारा हिरवा. पावसात भिजलेल्या कापडाचा होतो तसा. तिसऱ्या ओढीनंतर सगळ्या चकत्या तळाला गेल्या.

चौघांनी सिरिंज हातोहात फिरवली. एकाने विचारलं, "बाई, म्हणजे पान बुडत नाही ते आतल्या हवेमुळे?" दुसरीने विचारलं, "मग पान अर्धं रिकामंच असतं का?" अर्धं म्हणता येणार नाही, पानापानावर ते ठरतं. पण रिकामी जागा हा पानाचा अवयव आहे, असं मी म्हटलं आणि ते मला मनापासून पटलेलं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. तेवढ्यावर पानाचं घर चालतं. तो पर्णरंध्रातून आत येतो आणि या मोकळ्या जागांतून एकेका पेशीच्या ओल्या भिंतीपर्यंत पोचतो. पाण्यातून पोचायचं असतं तर हजारो पट हळू पोचला असता. स्पंजी पेशी एकमेकींना जेमतेम टोकांनी धरून असतात, त्यामुळे हवेला लागणाऱ्या भिंती पानाच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्या कित्येक पट भरतात. वरच्या भेंड्यांच्या, म्हणजे स्तंभपेशींच्या, मधेही अशा अरुंद फटी असतात. पुस्तकातल्या चित्रात ही जागा दोन गोलांमधला उरलेला कागद असते, म्हणून मुलांच्या नजरेतून ती सुटते.

हवा काढायची कशी यावर आज बराच वाद झाला. टिंब द्यायचे, निळा रंग द्यायचा, की कागद तसाच सोडायचा? तसाच सोडायचा ठरलं, पण पेशींच्या कडा मन लावून काढायच्या, म्हणजे मोकळ्या जागेला आकार येईल.

शनिवार, १३ जुलै

बाहेर ऊन नाही, म्हणून चौदा वॅटचा एलईडी दिवा पेल्यापासून वीतभर अंतरावर लावला. सोड्याच्या पाण्यात तळाला बसलेल्या दहा चकत्या. शेजारी दुसऱ्या पेल्यात साध्या पाण्यात तशाच दहा. सोड्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो, साध्या पाण्यात तो फारच थोडा.

पहिली चकती सातव्या मिनिटाला तिरकी झाली, काठावर उभी राहिली आणि सरळ वर आली. वर्गात ओरड झाली. मग दोन, मग एक, मग एकदम तीन. विसाव्या मिनिटापर्यंत नऊ वर. साध्या पाण्यातली एकही हलली नाही. मागच्या शनिवारी आम्ही ज्या जागांतून हवा ओढून काढली त्याच जागांत आता पानाने स्वतः तयार केलेला ऑक्सिजन भरत होता.

दिवा बंद करून पेला कपाटात ठेवला. निघताना पाहिलं तर चार चकत्या पुन्हा खाली गेल्या होत्या. अंधारात श्वसन चालूच असतं, ते ऑक्सिजन वापरतं.

शनिवार, २० जुलै

पर्णरंध्रं. पानावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं, वाळू द्यायचं, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलायची. पानाच्या त्वचेचा ठसा निघतो. आंब्याच्या पानावर वरच्या बाजूला एकही रंध्र नाही, खालच्या बाजूला दाटी. वडाचंही तसंच. सगळी रंध्रं उघडी असली तरी त्यांची तोंडं पानाच्या जेमतेम एक-दोन टक्के जागेत मावतात, आणि झाडातलं बहुतेक पाणी याच वाटेने वाफ होऊन जातं. म्हणून ती तळाला, सावलीत.

एका मुलीने घरी जाऊन तुळशीचाही ठसा घेतला. त्या दृष्टीने आजचा दिवस चांगला. बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही.

शनिवार, २७ जुलै

पावसामुळे मुलं आली नाहीत. ग्लिसरीनमधल्या तीन स्लाइडना बुरशी लागली, फेकल्या. उरलेल्यांच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या.

शनिवार, ३ ऑगस्ट

आमच्या इमारतीतल्या एका आजींनी गच्चीवर टबात कुमुद लावलंय. मासुंदा तलावाकाठी वाढलेल्या बाई, पाण्यात काही ना काही फुललेलं असावं असं त्यांना वाटतं. त्यांनी एक पान स्वतः देठासकट कापून दिलं.

आधी ठसा घेतला. मुलांनी सवयीने खालची बाजू घेतली. काहीच नाही. वरची घेतली तर रंध्रंच रंध्रं. दोन मिनिटं सगळे गप्प, मग एकजण म्हणाला, "खाली पाणी आहे ना! हवा वरूनच घ्यायला लागणार."

छेद घेतला तेव्हा मीही बराच वेळ डोळा काढला नाही. वर स्तंभपेशींचे दाट थर, आणि खाली मोठमोठी दालनं. पेशींची एकेरी भिंत, मग दालन, मग भिंत. जास्वंदीत जी जागा बोळाएवढी होती ती इथे चौकाएवढी आहे. याच हवेवर पान तरंगतं. देठाच्या छेदात तर उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या नळ्या.

त्या दालनांत चांदण्या होत्या. खरोखर चांदण्यांच्या आकाराच्या, जाड भिंतीच्या पेशी, त्यांचे फाटे दालनात चहूबाजूंना गेलेले. लाटेने आणि वाऱ्याने एवढं पोकळ पान चुरगळू नये म्हणून आतून दिलेला हा टेकू. ४५ पटीच्या भिंगाखाली एका फाट्यावर बारीक खडे चमकले, कॅल्शियम ऑक्झलेटचे. भाजीवाल्या मावशींची मुलगी एरवी भराभर काढते. आज तिने एका चांदणीला पाऊण तास घेतला आणि पाचऐवजी सात फाटे काढले, कारण तिला सात दिसले. मी स्वतः मोजले. सातच होते.

शनिवार, १० ऑगस्ट

श्रावण. काल नागपंचमी, डब्यात सगळ्यांच्या पातोळ्या, हळदीच्या पानाचा वास प्रयोगशाळाभर.

अळूच्या देठाचा रस थेंबभर पाण्यात पाहिला. सुयांचे जुडगे दिसले, तेही कॅल्शियम ऑक्झलेटचे. अळू चिरताना हाताला खाज येते ती यांच्यामुळे. भाजीवाल्या मावशी अळू चिरण्याआधी हाताला तेल लावतात आणि शिजवताना चिंच घालतात.

मग पुन्हा वड. नवीन पान नाही, जूनमधलंच एक पाण्यात अल्कोहोल घालून ठेवलं होतं. चीक गेला होता आणि पान थोडं मऊ झालं होतं. गुंडाळी होईना, पण गाजरात धरून पातळ छेद निघाला. अपित्वचेचा एक थर असतो असं शिकवतो आपण, इथे दोन-तीन होते. त्यात मधेच एक मोठी पेशी, आणि तिच्या छताला देठाने लोंबणारा द्राक्षांच्या घोसासारखा खडा. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच. स्लाइडच्या कडेला व्हिनेगरचा थेंब सोडला, दुसऱ्या कडेने टिपकागद लावून तो आत खेचला. घोसाभोवती बुडबुडे उठले आणि बघता बघता तो विरघळला. मागे लोंबता देठ तेवढा राहिला.

२२ जूनचे चार हिरवे पट्टे कपाटातून काढून शेजारी ठेवले. पान तेच.

शनिवार, २४ ऑगस्ट

परवा संकष्टी होती. गणपतीला वाहिलेल्या जुडीतल्या उरलेल्या दूर्वा एका मुलाने आणल्या. पातं इतकं अरुंद की गुंडाळी करता येत नाही, म्हणून दहा पाती एकत्र बांधून गाजराच्या खाचेत धरली.

स्तंभ नाहीत, स्पंज नाही. मुलांना पहिल्यांदा वाटलं छेद बिघडलाय. नियमाप्रमाणे काढायला लागली आणि काढताना दिसायला लागलं. शिरा अगदी जवळजवळ. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गच्च हिरव्या पेशींचं कडं, आणि त्या कड्याभोवती लहान हिरव्या पेशी किरणांसारख्या मांडलेल्या. जास्वंदीत शिरेभोवतीच्या पेशी फिकट होत्या, इथे त्याच सगळ्यात गडद. गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या रचनेला क्रान्झ म्हटलं. जर्मन भाषेत क्रान्झ म्हणजे फुलापानांचं कडं. मुलांनी 'गजरा' लिहिलं.

हा गजरा करतो काय, ते कळायला १९६६ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानांवर काम करून तो मार्ग मांडला. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि ते कड्यातल्या पेशींना देतात. तिथे तो पुन्हा मोकळा होतो आणि दाटीने जमतो. त्यामुळे रंध्रं थोडी उघडली तरी भागतं, पाणी वाचतं, कडक उन्हात काम थांबत नाही. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या सगळ्यांत हेच कडं. भात आणि गव्हात नाही. आपल्या कोरडवाहू रानात ज्वारी-बाजरी का टिकते, याचं एक उत्तर या एवढ्याशा पात्यात आहे. ज्या मुलाचे आजोबा जामखेडला ज्वारी करतात त्याने वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

इथे मोकळी जागा अगदी थोडी. चित्रात पांढरा कागद जवळजवळ उरलाच नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

गणपती आठवड्यावर. कण्हेर पत्रीत येते, म्हणून शेवटचं पान तिचं. कण्हेर सर्वांगी विषारी. छेद मीच घेतले, मुलांनी फक्त पाहिलं, आणि पातं, बशी, हात साबणाने धुतले.

वर जाड उपत्वचा, म्हणजे मेणचट थर, तिच्याखाली अपित्वचेचे दोन-तीन थर, स्तंभपेशी वर आणि खालीही. ठशात रंध्रं सापडेनात. छेदात सापडली: पानाच्या खालच्या अंगाला आत गेलेले खळगे, घड्याच्या आकाराचे, आणि त्यांच्या आतल्या भिंतीला रंध्रं. खळग्याचं तोंड केसांनी भरलेलं. सुका वारा रंध्रापर्यंत पोचूच नये अशी सोय. कुमुदाने हवा पोटात साठवली, कण्हेरीने थोडीशी दमट हवा उंबऱ्यावर राखून ठेवलीय. हे मुलांना मी सांगितलं नाही, त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मला सांगितलं.

शनिवार, २१ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर पहिला शनिवार. जुना तक्ता खिळ्यावरून उतरवला. मागचं कापड कोरं आणि चांगलं घट्ट होतं, त्यामुळे नवीन पुठ्ठा आणावा लागला नाही. जास्वंद, पालकाच्या चकत्या, आंब्याचा ठसा, कुमुद, अळूच्या सुया, वड, दूर्वा, कण्हेर: आठ चित्रं चिकटवली. प्रश्नचिन्हं तशीच ठेवली, अकरा आहेत. कोपऱ्यात २२ जूनचा एक हिरवा पट्टाही लावला.

उजवीकडे खाली एका चित्राची जागा उरली. ती तिवरासाठी. कळव्याच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा खाली खाडीला दोन्ही बाजूंनी दिसतो तोच तिवर. खारं पाणी पिऊन मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. सध्या पाऊस ते धुवून नेतो, दिवाळीनंतर पानांवर खडे दिसू लागतील. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पान तोडायचं नाही, काठाला गळून पडलेलं उचलायचं. पिवळ्या पानात हरितद्रव्य नसेल, पण ग्रंथी आणि खालची लव छेदात दिसायला हवी. मुलांनी डबी आताच धुवून ठेवलीय.